भूकंपाच्या नोंदी टर्मिनलवरून: आधी वाचायच्या, मग बदलायच्या

भूकंपाच्या नोंदीची फाइल घेऊन माझ्याकडे येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ही सॅकमध्ये करून मिळेल का?" (सॅक म्हणजे भूकंपनोंदींचं विश्लेषण करणारा प्रोग्रॅम आणि त्याचा फाइलींचा साचा.) मिळेल की. एका ओळीची कमांड आहे, एंटर दाबायचा अवकाश. पण मी आधी फाइल वाचायला लावतो. मिनीसीड या मूळ नोंदीच्या साच्यातून सॅकमध्ये जाताना काही माहिती गळते, काही नव्याने भरावी लागते, आणि सॅकची फाइल हातात पडली की मूळ फाइलकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. मग तीन महिन्यांनी आलेखात मध्येच सरळ रेघ का आली याचा शोध सुरू होतो.

पुढे जाण्याआधी लिपीबद्दल एक खुलासा. कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर अक्षरं आणि आकडे दोन्ही रोमनच टाइप करायचे. ऑप्शनमध्ये लहान-मोठ्या अक्षराने अर्थ बदलतो, म्हणून मोठं अक्षर हवं तिथे 'कॅपिटल' म्हटलंय, बाकीचे ऑप्शन लहान अक्षरात. प्रोग्रॅमच्या नावात 'टू' आला की तो आकडा दोन समजायचा आणि आजूबाजूला मोकळी जागा सोडायची नाही.

लागणारे प्रोग्रॅम चारच: बघायला एमएसआय, कापायला डेटासिलेक्ट, सॅक करायला एमसीडटूसॅक, मजकुरात उतरवायला एमसीडटूआस्की. चारही एकाच घरातले, आयरिस या संस्थेने घडवलेले. आयरिस २०२३ पासून अर्थस्कोपमध्ये विलीन झाली आहे, त्यामुळे जुन्या पानांवर एक नाव आणि नव्या पानांवर दुसरं दिसलं तर गोंधळू नका. गिटहबवरून सोर्स उतरवायचा, त्या फोल्डरमध्ये जाऊन 'मेक' म्हणायचं, तयार झालेला प्रोग्रॅम पाथमध्ये टाकायचा. सी कंपायलर असला की पुरे. आरडीसीड नावाचा जुना प्रोग्रॅम अजून काही सूचनापत्रांत भेटतो. तो पूर्ण सीड फाइलींसाठी होता, आता त्याची देखभाल होत नाही, नव्याने शिकणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

आता फाइलच्या पोटात काय असतं ते. सीड हा भूकंपनोंदींच्या देवाणघेवाणीचा प्रमाणित साचा, १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर स्वीकारलेला. त्यातला निव्वळ नोंदींचा भाग म्हणजे मिनीसीड. आवृत्ती दोनची मिनीसीड फाइल म्हणजे एकामागे एक ठेवलेले रेकॉर्ड. एक रेकॉर्ड बहुधा ५१२ किंवा ४०९६ बाइटचा. प्रत्येकाच्या सुरुवातीला ४८ बाइटचं हेडर, त्यामागे एकदोन छोटे पूरक तुकडे आणि मग दाबून बसवलेली सॅम्पल, म्हणजे ठरावीक अंतराने मोजलेले आकडे. प्रत्येक रेकॉर्ड आपलं नाव, गाव, वेळ स्वतःच्या अंगावर घेऊन फिरतो. म्हणूनच दोन मिनीसीड फाइली नुसत्या 'कॅट'ने जोडल्या तरी तयार होणारी फाइल वैध असते. सॅकमध्ये असलं काही चालत नाही.

उदाहरणाला ११ मार्च २०११ चा जपानमधल्या तोहोकूचा भूकंप घेऊ. मूळ वेळ ०५:४६:२४ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. या जगात सगळं यूटीसीमध्येच चालतं आणि तारखेऐवजी वर्षातला दिवस मोजतात, म्हणून ११ मार्च म्हणजे २०११ चा ०७० वा दिवस. नोंद न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की इथल्या केंद्राची: नेटवर्क आययू, केंद्र एएनएमओ, लोकेशन ००, चॅनल बीएचझेड. चॅनलची तीन अक्षरं वाचायला शिकलात की निम्मी लढाई जिंकलीत. पहिलं अक्षर सॅम्पलचा वेग आणि उपकरणाचा पट्टा सांगतं. बी म्हणजे ब्रॉडबँड, सेकंदाला १० ते ८० सॅम्पल. एच असेल तर ८० ते २५०. एल म्हणजे सेकंदाला साधारण एक. दुसरं अक्षर उपकरणाचं: एच म्हणजे संवेदनशील भूकंपमापक, एन म्हणजे त्वरणमापक. तिसरं दिशेचं: झेड उभी, एन उत्तर, ई पूर्व. आडव्या दिशांसाठी १ आणि २ दिसले तर उपकरण अचूक उत्तर-पूर्व बसवलेलं आहे असं गृहीत धरू नका. त्याचा कोन केंद्राच्या माहितीपत्रकातून घ्यावा लागतो.

पहिली कमांड:

एमएसआय -पी एएनएमओ.एमसीड

प्रत्येक रेकॉर्डच्या हेडरचा तपशील पडद्यावर ओतला जातो. पीच्या जागी पीपी लिहिलं तर आणखी खोलात. पहिला स्क्रीनभर मजकूर वाचा आणि थांबा. रेकॉर्ड किती बाइटचा आहे, सॅम्पलचा वेग किती, आणि एन्कोडिंग कोणतं, या तीन गोष्टी टिपून ठेवा. एन्कोडिंगचा आकडा १० असेल तर स्टाइम-१, ११ असेल तर स्टाइम-२, ३ असेल तर न दाबलेले ३२ बिटी पूर्णांक, ४ असेल तर ३२ बिटी दशांश.

स्टाइमबद्दल थोडं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. शांत जमिनीच्या नोंदीत एका सॅम्पलपासून पुढच्यापर्यंत फार फरक पडत नाही. म्हणून ही पद्धत सॅम्पल न साठवता दोन सॅम्पलमधला फरक साठवते, आणि फरक लहान असला की एका ३२ बिटी शब्दात असे अनेक फरक बसवते. पहिल्या ६४ बाइटच्या चौकटीत मात्र दोन पूर्ण संख्या असतात: रेकॉर्डचं पहिलं सॅम्पल आणि शेवटचं. फरकांची बेरीज करत गेलं की शेवटी त्या दुसऱ्या संख्येवर बरोबर पोचायला हवं. नाही पोचलं तर कुठेतरी बिट सडलाय. -डी दिलं की एमएसआय सॅम्पल उलगडून बघतो आणि हिशेब चुकला तर 'इंटिग्रिटी चेक' फसल्याचा इशारा देतो. पेनड्राइव्हवरून किंवा अर्धवट तुटलेल्या डाउनलोडमधून आलेल्या फाइलवर ही तपासणी मी कधीच टाळत नाही.

दुसरी कमांड सगळ्यात महत्त्वाची:

एमएसआय -कॅपिटल टी -टीजी एएनएमओ.एमसीड

ही रेकॉर्ड बाजूला ठेवून सलग तुकडे दाखवते: कुठून कुठपर्यंत, किती सॅम्पल, आणि दोन तुकड्यांमध्ये किती गॅप. गॅप उणे आकड्यात आला तर तो ओव्हरलॅप, म्हणजे तोच काळ दोनदा नोंदलेला. नुसती गॅपची यादी हवी तर -कॅपिटल जी.

गॅप दिसला की लगेच नोंद तुटली असं म्हणू नका. आकडा बघा. चार मिनिटांचा गॅप म्हणजे संपर्क गेला होता किंवा वीज. दोनचार सॅम्पलएवढा गॅप म्हणजे बहुधा घड्याळाने स्वतःला दुरुस्त केलंय. रेकॉर्ड ज्या वेळेला सुरू व्हायला हवा होता त्यापेक्षा अर्ध्या सॅम्पलहून जास्त सरकला की प्रोग्रॅम नवा तुकडा धरतो. ही मर्यादा -टीटी देऊन सेकंदांत बदलता येते. पण ती ढिली करणं म्हणजे वेळेतली चूक पदराआड घेणं. लाटेच्या आगमनाची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजायची असेल तर करू नका, महिन्याभराच्या गोंगाटाचा सरासरी आलेख काढायचा असेल तर खुशाल करा.

याच यादीत आणखी एक सापळा उघडा पडतो. एकाच केंद्राच्या फाइलमध्ये ०० आणि १० अशी दोन लोकेशन असू शकतात. ही दोन वेगवेगळी उपकरणं. दोघांचंही चॅनल बीएचझेड, वेग मात्र वेगळा असू शकतो. त्यांना एकत्र समजून पुढे गेलात तर आकडे जुळणार नाहीत, आणि का जुळत नाहीत तेही कळणार नाही.

आता हवा तेवढा भाग कापू. एएनएमओ तोहोकूपासून सुमारे ८३ अंशांवर आहे (हे अंतर पृथ्वीच्या केंद्राशी होणाऱ्या कोनात मोजतात), पी लाट, म्हणजे सगळ्यात आधी येणारी लाट, तिथे सव्वाबारा ते साडेबारा मिनिटांत पोचते. तेव्हा ०५:४० ते ०६:४० हा तास ठीक आहे, आधीची शांतताही थोडी मिळते.

डेटासिलेक्ट -पीएस -टीएस २०११,०७०,०५,४०,०० -टीई २०११,०७०,०६,४०,०० -ओ तास.एमसीड एएनएमओ.एमसीड

इथे -पीएसमधला पी कॅपिटल आणि एस लहान. याचा अर्थ सॅम्पलपर्यंत काटेकोर काप. हे दिलं नाही तर वेळेच्या चौकटीला स्पर्श करणारे रेकॉर्ड अख्खेच्या अख्खे येतात आणि सुरुवात तुमच्या वेळेच्या काही सेकंद आधीची निघते. त्याने बिघडत काही नाही, पण तीन चॅनल तीन वेगवेगळ्या क्षणी सुरू झाले की आडवे घटक दुसऱ्या दिशांना फिरवून घेताना डोकं धरून बसावं लागतं.

एवढं झाल्यावर सॅक:

एमसीडटूसॅक तास.एमसीड

काम झालं, पण फोल्डरमध्ये बघा. प्रत्येक सलग तुकड्याची वेगळी सॅक फाइल होते. सॅकच्या साध्या फाइलमध्ये गॅप मांडायला जागाच नाही, त्यामुळे याला इलाज नाही. दिवसात पस्तीस गॅप तर छत्तीस फाइली. नावातच नेटवर्क, केंद्र, लोकेशन, चॅनल, दर्जा आणि सुरुवातीची वेळ असल्याने त्या रांगेत लागतात. सॅकमध्ये नेऊन 'मर्ज' करता येतं, पण तिथे गॅप शून्याने भरायचा पर्याय डोळे मिटून निवडू नका. उपकरणाचा मूळ पाया शून्यावर असतोच असं नाही. तो तीन हजार काउंटवर (काउंट म्हणजे उपकरणाने दिलेला कच्चा आकडा) असेल तर शून्य भरल्यावर तिथे खोल खड्डा तयार होतो, आणि फिल्टर लावला की त्या खड्ड्याच्या दोन्ही काठांवर सुंदर खोटे भूकंप उमटतात.

दुसरी उणीव हेडरची. मिनीसीडमध्ये केंद्राचे अक्षांश-रेखांश नसतातच, मग ते सॅकमध्ये येणार कुठून? भरले नाहीत तर त्या जागी उणे १२३४५ बसतो, सॅकच्या भाषेत 'माहीत नाही'. एका केंद्रापुरतं -के देऊन भागतं:

एमसीडटूसॅक -के ३४.९५/-१०६.४६ -कॅपिटल ई '२०११,०७०,०५:४६:२४/३८.२९७/१४२.३७३/२९' तास.एमसीड

कॅपिटल ईमागे भूकंपाची वेळ, अक्षांश, रेखांश आणि किलोमीटरमधली खोली. केंद्रं बरीच असतील तर एफडीएसएन या भूकंपमापक जाळ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्टेशन सेवेकडून चॅनल पातळीची माहिती मजकूर स्वरूपात घ्या आणि -एमने ती फाइल जोडा. तेव्हा -एमएसआय हा ऑप्शनही द्यायचा. नाव वरच्या प्रोग्रॅमसारखं असलं तरी त्याचा याच्याशी संबंध नाही. सीडमध्ये उभ्या दिशेचा कल आडव्या पातळीपासून मोजतात, वर म्हणजे उणे ९०. सॅक तोच कोन वरच्या उभ्या रेषेपासून मोजतो, वर म्हणजे ०. हा ऑप्शन त्यात ९० मिळवतो. विसरलात तर उभ्या चॅनलचा कल उणे ९० राहतो, आणि घटक फिरवताना सॅक रुसतो.

सॅक फाइल नीट झाली का हे बघायला मला सॅकसुद्धा उघडावा लागत नाही. साध्या आवृत्तीत हेडर ६३२ बाइटचं, पुढे प्रत्येक सॅम्पलला ४ बाइट. वेग सेकंदाला २० असेल तर तासाची ७२,००० सॅम्पल, म्हणजे फाइल २,८८,६३२ बाइटची. 'एलएस -एल'ने आकार बघा. एखाद्या सॅम्पलचा फरक म्हणजे ४ बाइट इकडेतिकडे, तो चालतो. मग बाइटचा क्रम:

ओडी -जे ३०४ -कॅपिटल एन ४ -टी डी४ फाइलचं नाव

३०४ व्या बाइटवर हेडरच्या आवृत्तीचा आकडा बसतो. ६ दिसला तर सगळं ठीक. १००६६३२९६ दिसला तर फाइल उलट्या क्रमाच्या संगणकासाठी लिहिली आहे. तोच ६, फक्त बाइट उलटे वाचल्यामुळे एवढा फुगलेला. एमसीडटूसॅकला -एफ ३ दिलं तर लिटल एंडियन (कमी किमतीचा बाइट आधी), ४ दिलं तर बिग एंडियन (जास्त किमतीचा आधी) मिळतं.

अचूकतेबद्दल एक बारकावा. सॅक सगळं ३२ बिटी दशांशात साठवतो आणि त्यात १,६७,७७,२१६ पर्यंतचे पूर्णांक तंतोतंत बसतात. २४ बिटी डिजिटायझरची (उपकरणाचा संकेत आकड्यांत बदलणाऱ्या यंत्राची) मर्यादा याच्या निम्मी, म्हणून काळजी नाही. त्याहून मोठे आकडे देणारं उपकरण असेल तर शेवटचे अंक गोल होतात. अशा वेळी सॅक फाइल ही मूळ नोंद मानू नका, मिनीसीड जपून ठेवा.

आणि हो, या सगळ्यानंतरही हातात आलेत ते काउंटच. जमीन किती सरकली हे त्यातून कळत नाही, त्यासाठी उपकरणाचा प्रतिसाद काढून टाकावा लागतो आणि ते रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमचं काम नाही. दोन केंद्रांच्या काउंटची उंची शेजारी ठेवून 'इथे जास्त हादरलं' म्हणणारे आलेख मी बरेच पाहिलेत.

राहिला मजकूर. एमसीडटूआस्कीला -एफ १ दिलं तर डोक्यावर 'टाइमसीरीज'ने सुरू होणारी माहितीची एक ओळ आणि खाली नुसते आकडे येतात. -एफ २ दिलं तर प्रत्येक आकड्याशेजारी त्याची वेळ. दुसरा प्रकार वाचायला सोपा, पण फाइल कितीतरी पट फुगते. विद्यार्थ्यांना हे एक्सेलमध्ये उघडायचं असतं. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात, आणि सेकंदाला २० सॅम्पलची दिवसभराची नोंद म्हणजे १७,२८,००० ओळी. उरलेला दिवस पानावर येतच नाही. त्यामुळे एक्सेलसाठी आधी डेटासिलेक्टने तासाभराचा तुकडा कापा, मग मजकूर करा.