साइडिंगचं कोटेशन मागवण्याआधी

साइडिंग, म्हणजे घराच्या बाहेरच्या भिंतींवरचं आवरण, बदलायचं असेल तर आधी टेप घेऊन घराभोवती एक चक्कर मारा, कॉन्ट्रॅक्टरला फोन नंतर. भिंतींचं माप आपल्याकडे नसेल तर समोरचा सांगेल तो आकडा मान डोलावून ऐकावा लागतो.

अमेरिकेत साइडिंगचा हिशोब ‘स्क्वेअर’वर चालतो. एक स्क्वेअर म्हणजे १०० चौरस फूट. न्यू जर्सीतलं ४० बाय २८ फुटांचं दुमजली घर धरा. परीघ १३६ फूट, भिंतीची उंची १८, म्हणजे २,४४८ चौरस फूट. दोन बाजूंना छपराखाली जे त्रिकोण असतात ते हमखास राहून जातात. पाया २८ आणि उंची ७ असेल तर दोन्ही मिळून १९६. गराजचं १६ बाय ७चं दार वजा करा. छोट्या खिडक्या मात्र वजा करू नका, त्यांच्याभोवती कापाकापीत माल जातोच. राहिले २,५३२. त्यात वाया जाणाऱ्या मालाचे १० टक्के मिळवले की झाले २८ स्क्वेअर. व्हायनिलच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या, पट्ट्यांचं खोकं बहुधा २ स्क्वेअरचं येतं, म्हणजे १४ खोकी.

आता खरी मेख. जुनं साइडिंग काढल्यावर आतलं प्लायवूडसारखं लाकडी अस्तर कुजलेलं निघालं तर? बिल फुगतं ते इथे. पाच-सात डॉलरचं झिप टूल, म्हणजे पट्ट्या सोडवायचं आकड्याचं हत्यार, आणा, खिडकीच्या खालच्या कोपऱ्याजवळची एक पट्टी सोडवा आणि आत स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. टोक लोण्यात शिरल्यासारखं गेलं, तर पाणी बऱ्याच दिवसांपासून मुरतंय. म्हणून या अस्तराच्या ४ बाय ८ फुटांच्या एका शीटचा, मजुरीसकट, दर आधीच लिहून मागा. ‘नंतर बघू’ हे उत्तर ऐकलं की मी तरी तो माणूस यादीतून काढतो.

तीन कॉन्ट्रॅक्टरना कामांची एकच यादी द्या: जुनं काढणं, डम्पस्टर (कचऱ्याचा मोठा डबा), हाऊस रॅप (साइडिंगखालचा पाणी अडवणारा कागद), खिडक्यांवरचं फ्लॅशिंग (पाणी आत जाऊ न देणारी पट्टी), सॉफिट-फॅशिया (छपराच्या कडेची खालची आणि समोरची फळी), लागत असेल तर पर्मिट. नाहीतर स्वस्त कोटेशनमध्ये नेमकं फ्लॅशिंगच गायब असतं. खिळे कसे मारणार हेही विचारा. व्हायनिल उन्हात पसरतं, त्यामुळे खिळा खाचेच्या मधोमध आणि किंचित सैल हवा. घट्ट ठोकलं की उन्हाळ्यात भिंतीवर लाटा उठतात.

घर १९७८ आधीचं असेल तर रंगात शिसं असू शकतं, तेव्हा त्या कामाचं प्रमाणपत्र असलेलाच माणूस लागतो. करड्या, कडक, ठिसूळ फरश्यांसारखं साइडिंग दिसलं तर ॲस्बेस्टॉसची तपासणी होईपर्यंत हात लावू नका. सोसायटीचे, म्हणजे एचओएचे, रंगाचे नियमही आधीच बघून ठेवा.

न्यू जर्सीत ५०० डॉलरच्या वरच्या कामाला लेखी करार लागतो, आणि त्याची प्रत हातात आल्यावर तीन कामकाजाच्या दिवसांत तो रद्द करता येतो. विम्याचं प्रमाणपत्र मागायला लाजू नका. उरलेल्या पट्ट्या तुमच्याच गराजमध्ये राहतील, एवढी ओळही करारात घाला. काही वर्षांनी तोच रंग बाजारात असेलच असं नाही.