सस्तन प्राणी शिकायचेत? जबडा हातात घ्या

एस. वाय.च्या प्रॅक्टिकल परीक्षेत प्रश्न आला, "सस्तन प्राणी म्हणजे काय?" मी घडाघडा म्हणून दाखवलं: अंगावर केस, पिल्लांना दूध, उष्ण रक्त, चार कप्प्यांचं हृदय. बाहेरून आलेल्या सरांनी ट्रेमधला पिवळट जबडा माझ्या हातात ठेवला. "यात दूध कुठंय, दाखव." माझी दातखीळ बसली.

म्हणून प्राणिशास्त्राला नव्याने येणाऱ्यांना सांगते, लक्षणांची यादी पाठ करा, पण अभ्यास हाडांपासून सुरू करा. दूध दगडात, म्हणजे जीवाश्मांत, उरत नाही, केसही क्वचितच. पिल्लं देणं हे तर लक्षणच नव्हे. प्लॅटिपस अंडी घालतो आणि दूधही पाजतो, तेही स्तनाग्रांशिवाय.

आपल्या, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या, खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला एकच हाड असतं, डेंटरी. सरड्याच्या, मगरीच्या जबड्यात अशी कितीतरी हाडं जोडलेली दिसतात. मग आपली बाकीची गेली कुठे? त्यातली काही कानात! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती. पण सरपटणाऱ्यांत जबड्याचा सांधा ज्या दोन हाडांचा असतो, तीच आपल्या मधल्या कानात हातोडी आणि ऐरण झाली. तिथलं तिसरं हाड, रिकीब, आधीपासून कानातच होतं. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ रायखर्टने १८३७ साली हे गर्भांच्या अभ्यासातून दाखवलं, पुढे जीवाश्मांनी दुजोरा दिला. सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच्या, चिचुंद्रीएवढ्या मॉर्गन्यूकोडॉनला, सस्तन प्राण्यांच्या एका आद्य नातेवाइकाला, तर जुना (सरपटणाऱ्यांसारखा) आणि नवा (आपल्यासारखा, डेंटरीचा) असे दोन्ही सांधे शेजारीशेजारी होते.

आणि हो, पाठीवर शीड असलेला डायमेट्रोडॉन डायनोसॉरच्या खेळण्यांत सापडतो, पण नात्याने तो आपल्याकडचा, सस्तन प्राण्यांच्या घराण्यातला. डोळ्यामागे कवटीला प्रत्येक बाजूला एकच खिडकी, म्हणजे भोक, ही त्या घराण्याची खूण. कानशिलावर बोटं ठेवून चणे चावा. हलतो तो स्नायू त्याच खिडकीच्या जागेतून जातो.

सरावासाठी महागड्या कवट्या नकोत. गव्हाणी घुबडाच्या बसायच्या जागेखाली त्याने ओकलेले काळसर गोळे पडलेले असतात. हातमोजे घाला, मास्क लावा, गोळा कोमट पाण्यात भिजवा आणि सुईने अलगद सोडवा. मी पहिला जबडा चिमट्याने उचलला आणि मोडला, पेंटब्रश वापरा. उंदराच्या जबड्यात पुढच्या दातांनंतर मोकळी जागा दिसेल, सुळे नाहीतच. चिचुंद्रीचा मिळाला तर दात पुढून मागेपर्यंत ओळीने, टोकदार. आमच्या घरी तिलाही उंदीरच म्हणायचे. दोन्ही जबडे काडेपेटीत ठेवून आईला दाखवले, तर ती म्हणाली, "आधी ते स्वयंपाकघरातून बाहेर ने."