पीडितांसाठी स्वतंत्र लोकपाल कार्यालय उभारताना

गुन्ह्याच्या पीडितांच्या तक्रारी ऐकून यंत्रणेची दिरंगाई आणि वागणूक तपासणारं लोकपाल कार्यालय उभारायचं तर जागा, फोन क्रमांक, बोधचिन्ह हे सगळं नंतर. आधी कायदा हवा, कारण शासन निर्णयाने उघडलेलं कार्यालय दुसऱ्या शासन निर्णयाने बंद होतं. कॅनडात २००७ पासून केंद्रीय पीडित लोकपाल आहे, पण तो न्यायमंत्र्यांच्याच अखत्यारीत; ऑक्टोबर २०२१ पासून जवळपास वर्षभर ते पद रिकामं राहिलं.

महाराष्ट्रासाठी मसुदा करायचा तर निवड समितीत विरोधी पक्षनेता असावा. मुदत पाच वर्षांची आणि एकदाच. फेरनेमणुकीची आशा असलेला माणूस कडक अहवाल लिहीत नाही. मुदत संपण्याच्या सहा महिने आधी नवी निवड सुरू करणं बंधनकारक ठेवा. खर्चाची तरतूद पोलीस ज्याच्या हाताखाली आहेत त्या गृह विभागाच्या अर्थसंकल्पी मागणीत नको, अहवाल थेट विधिमंडळाच्या पटलावर जावा.

निकाल, जामीन, शिक्षा यांना हात लावायचा नाही. तपासायची ती दिरंगाई आणि वागणूक. त्याची मोजमापं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात, तयार आहेत: एफआयआरची प्रत मोफत (कलम १७३), तपासाची प्रगती ९० दिवसांत कळवणं (कलम १९३), भरपाईची चौकशी दोन महिन्यांत (कलम ३९६). भरपाई जिल्हा विधी सेवा प्राधिकरण देतं आणि त्याचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश असतात. म्हणून तिथे लोकपालाने कुठवर चौकशी करायची हे उच्च न्यायालयाशी आधीच बोलून ठरवा, नाहीतर पहिलंच प्रकरण रिट याचिकेत अडकेल.

कागदपत्रं मागवण्याचा अधिकार नसेल तर हे कार्यालय म्हणजे नुसती टपालपेटी. विभागाने १५ दिवसांत कागद द्यावेत, शिफारस आल्यावर ३० दिवसांत ती मान्य करावी किंवा नकाराची कारणं लेखी द्यावीत. शिफारस बंधनकारक नसली तरी चालेल. कारणं जाहीर होतात हे कळल्यावर बऱ्याच फायली हलतात.

तक्रार तोंडीही घ्या, लिहून घेऊन वाचून दाखवा. कोणत्या क्रमांकावर, किती वाजता फोन केलेला चालेल हे पहिल्याच भेटीत विचारा. घरगुती हिंसाचारात कार्यालयाचं पाकीट आरोपीच्याच हाती पडू शकतं. नोंदवहीत नावाऐवजी क्रमांक टाका. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. मात्र ‘सगळं गुप्त राहील’ असा शब्द देऊ नका. बालकावरील लैंगिक गुन्हा कळला तर पोक्सो या बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवावंच लागतं, आणि हे तक्रारदाराला बोलण्याआधी सांगायचं, नंतर नाही.