कॅटलॉगची पानं स्टॅटिक कशी करायची

ऑनलाइन दुकानातलं वस्तूचं पान दिवसातून शेकडो वेळा उघडलं जातं, पण त्यातला मजकूर क्वचितच बदलतो. तरी दुकानाचं सॉफ्टवेअर दर वेळी डेटाबेसमधून तीच माहिती काढून तेच पान पुन्हा बांधतं. ते एकदाच बांधून एचटीएमएल फाइल म्हणून ठेवलं, की वेब सर्व्हर ते थेट देतो आणि डेटाबेस मोकळा राहतो. यालाच पान स्टॅटिक करणं म्हणतात.

वस्तूंची, श्रेणींची आणि माहितीची पानं स्टॅटिक करा. कार्ट, चेकआउट, खातं आणि शोध डायनॅमिकच, म्हणजे दर वेळी नव्याने बांधले जाणारे, राहू द्या. फिल्टरच्या वाटेला जाऊ नका: 8 रंग, 6 मापं, 5 ब्रँड आणि 4 प्रकारचे क्रम म्हटले, तरी एकाच श्रेणीची 960 पानं होतात.

खरं काम टेम्पलेट (पानाचा साचा) साफ करण्याचं आहे आणि तिथे घाई करू नका. पानात कोणाही एका ग्राहकाचं काहीच राहता कामा नये. ‘नमस्कार, अमुक’, कार्टमधला आकडा, नुकत्याच पाहिलेल्या वस्तू हे सगळं काढून पान उघडल्यावर जावास्क्रिप्टने भरा. सर्वांत घातक म्हणजे लिंकमध्ये चिकटलेला सेशन आयडी (एका ग्राहकाची भेट ओळखणारी खूण). तो फाइलमध्ये गेला, की त्या लिंकवरून जाणारे सगळे एकाच सेशनमध्ये शिरतात आणि एकाची कार्ट दुसऱ्याला दिसते. ‘कार्टमध्ये टाका’ फॉर्ममधलं सीएसआरएफ टोकनही (विनंती आपल्याच पानावरून आली हे पटवणारी गुप्त खूण) असंच. ते फाइलमध्ये गोठलं, तर बटण दाबताच विनंती नाकारली जाते. म्हणून टोकन वेगळ्या विनंतीने आणा. किंमत पानावर दाखवायला हरकत नाही, पण कार्टमध्ये टाकताना ती डेटाबेसमधूनच घ्या. फॉर्ममधून आलेल्या किमतीवर विसंबू नका. शिल्लक माल सतत बदलत असेल, तर तोही जावास्क्रिप्टने मागवा.

पानं तयार करणारी स्क्रिप्ट लॉगिन न करता, कुकीशिवाय प्रत्येक पत्ता मागवते. उत्तराचा कोड 200 (म्हणजे ‘ठीक’) आहे का आणि शेवटचा एचटीएमएल टॅग आला आहे का, हे तपासूनच फाइल लिहा. नाहीतर डेटाबेस क्षणभर अडखळला, तर ‘त्रुटी’चंच पान कायमचं बसतं. आधी तात्पुरत्या नावाने लिहा, मग नाव बदला. दोन्ही नावं एकाच फाइलसिस्टमवर असली, तर हा बदल एका झटक्यात होतो आणि अर्धवट पान कोणाला मिळत नाही. स्क्रिप्ट रूट (सर्व अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवू नका. रूटने बनवलेल्या फोल्डरमधल्या फाइली पुढे अ‍ॅप्लिकेशनला पुसता येत नाहीत.

सर्व्हरचा नियम साधा: फाइल असेल तर ती द्या, नसेल तर विनंती सॉफ्टवेअरकडे पाठवा. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये हे ट्राय_फाइल्स या सूचनेने होतं, अपाचे या सर्व्हरमध्ये मॉड_रीराइट या मॉड्यूलने. पण फाइल शोधताना पत्त्यातला प्रश्नचिन्हापुढचा भाग सहसा धरला जात नाही. त्यामुळे ‘पान 2’ वर क्लिक केलं तरी पान 1 च येतं. म्हणून तो भाग रिकामा असेल तरच फाइल द्या. फक्त जाहिरातींच्या यूटीएम खुणा (ग्राहक कुठल्या जाहिरातीतून आला ते सांगणाऱ्या) असतील तर त्या दुर्लक्षित करा. पोस्ट विनंत्याही (फॉर्म पाठवल्यावर येणाऱ्या) सॉफ्टवेअरकडेच वळवा, कारण एनजिनएक्स स्टॅटिक फाइलवर आलेल्या पोस्टला 405 (‘ही पद्धत चालत नाही’) देतो.

किंमत बदलली, की वस्तूचं पान, तिच्या सगळ्या श्रेणी आणि ती मुखपृष्ठावर असेल तर तेही पुन्हा बांधायचं. बदल रांगेत टाकून मिनिटाला एकदा उरका. शंभर वस्तूंची यादी आयात झाली, तरी श्रेणीचं पान एकदाच बांधलं जाईल. वस्तू काढली तर फाइलही पुसा. आधीच दाबून (आकार लहान करून) ठेवलेल्या जीझिप फाइली वापरत असाल, तर त्याही त्याच वेळी बदला. नाहीतर एचटीएमएल नवं असूनही ब्राउझरला जुनीच किंमत जाते. शिवाय रोज रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) सगळी पानं एकदा बांधा, म्हणजे सुटलेलं दुरुस्त होतं. एचटीएमएलला कॅश-कंट्रोलमध्ये (प्रत साठवण्याबद्दल ब्राउझरला दिलेली सूचना) ‘नो-कॅश’ द्या: ब्राउझर दर वेळी विचारेल, आणि पान तेच असेल तर 304 (‘बदल नाही’) वर काम भागेल.

सुरू करण्याआधी दोन वेगळ्या ब्राउझरमध्ये दोन खात्यांनी लॉगिन करा, दोन्हीकडे वेगळी वस्तू कार्टमध्ये टाका आणि पाच-सहा पानं फिरून कार्ट पुन्हा बघा. मग तयार फाइलींच्या फोल्डरमध्ये सेशन आयडीचं आणि टोकनचं नाव शोधा. एकाही फाइलीत सापडलं, तर आधी ते टेम्पलेट दुरुस्त करा.