यू-बूटमध्ये सेन्सर वाचण्याचा इंटरफेस: टीएमपी१०२ या तापमान-सेन्सरचं उदाहरण

बोर्ड फार तापला असेल किंवा बॅटरी उतरली असेल तर कर्नल सुरूच करायचा नाही, हा निर्णय बूटलोडरलाच (कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सुरू करून देणारा प्रोग्राम; इथे यू-बूट) घ्यावा लागतो. त्यामुळे या इंटरफेसमध्ये 'वाचता आलं नाही' आणि 'शून्य अंश' ही दोन उत्तरं कधीच एकसारखी दिसता कामा नयेत. बाकीची रचना यावरूनच ठरते.

नुसतं तापमान हवं असेल तर नवीन काही लिहू नका. यू-बूटमध्ये थर्मल युक्लास (एका प्रकारच्या उपकरणांच्या ड्रायव्हरांसाठीचा सामायिक इंटरफेस) आहे, व्होल्टेजसाठी एडीसी (अ‍ॅनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर) युक्लास आहे. तापमान, व्होल्टेज आणि करंट एकाच कमांडने वाचून निर्णय घ्यायचा असेल तरच स्वतंत्र युक्लास करा. त्यात दोन ऑपरेशन्स पुरतात: चॅनेलची माहिती (नाव आणि प्रकार) आणि रीडिंग. रीडिंगच्या फंक्शनने रिटर्न व्हॅल्यूत फक्त एरर कोड द्यावा, मोजलेला आकडा पॉइंटरमधून. दोन्ही एकाच इंटीजरमध्ये कोंबले तर उणे ५ हे माप आणि आय/ओ एररचा −५ यांत फरकच राहत नाही.

एककं लिनक्सच्या एचडब्ल्यूमॉनचीच (कर्नलमधली सेन्सर वाचणारी यंत्रणा) ठेवा: मिली-अंश सेल्सिअस, मिलिव्होल्ट, मिलिअँपिअर, मायक्रोवॅट. फ्लोटची (दशांश आकड्यांची) गरज पडत नाही आणि पुढे कर्नलमधल्या आकड्यांशी थेट ताडून बघता येतं.

आता ड्रायव्हर. टीएमपी१०२ ची एडीडी० पिन ग्राउंडला असेल तर आयटूसी (दोन तारांची बस) पत्ता हेक्स ४८. कोड लिहिण्याआधी प्रॉम्प्टवरून बस प्रोब करा (सेन्सर उत्तर देतो का ते बघा) आणि रजिस्टर ० चे दोन बाइट वाचून बघा; मोठा बाइट आधी येतो. दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये वाचा. हे १६ बिट साइन्ड (उणे आकड्यांसह) धरून १००० ने गुणा आणि २५६ ने भागा, की मिली-अंश मिळाले. साइन्ड धरायला विसरलात तर उणे २५ अंशांचे बिट ५९१३६ होतात आणि बोर्ड २३१ अंशांवर आहे असं दिसतं.

खरा त्रास वॉर्म रीसेटनंतर होतो. प्रोसेसर रीसेट होतो, पण सेन्सरचा पुरवठा चालूच असतो, म्हणून लिनक्सने केलेली मांडणी तशीच राहते. लिनक्सचा टीएमपी१०२ ड्रायव्हर एक्स्टेंडेड मोड लावतो. त्यात १३ बिट असतात आणि भागायचं १२८ ने. तुम्ही २५६ नेच भागत राहिलात तर ८० अंशांचा बोर्ड ४० दाखवेल आणि बिनधास्त बूट होईल. टेबलावर वीज काढून-लावून केलेल्या चाचणीत हे सापडणारच नाही. उलट कोल्ड बूटला (वीज नव्याने लावल्यावर) पहिलं कन्व्हर्जन, म्हणजे मोजमाप, होईपर्यंत रजिस्टर शून्य अंश सांगतं.

दोन्हींवर उपाय एकच, वन-शॉट, म्हणजे मागितल्यावर एकच कन्व्हर्जन. ड्रायव्हरच्या प्रोब फंक्शनमध्ये एक्स्टेंडेड बिट काढून शटडाउन बिट लावा. प्रत्येक रीडिंगला ओएस (वन-शॉट) बिटवर १ लिहा. कन्व्हर्जन चालू असताना तो बिट ० वाचला जातो, संपलं की १. एका कन्व्हर्जनला जास्तीत जास्त ३५ मिलिसेकंद लागतात. आधीचं एखादं अर्धवट असू शकतं, म्हणून १०० मिलिसेकंदांपर्यंत थांबा. तरी १ आला नाही तर टाइमआउटचा एरर द्या. रजिस्टरमधला जुना आकडा मात्र देऊ नका.

सेन्सर उत्तरच देत नसेल तर एसडीए (आयटूसीची डेटा) लाइन बघा. रीडिंग अर्धवट असताना रीसेट झाला तर सेन्सर ती खाली धरून बसतो. एससीएलवर (क्लॉक लाइनवर) ९ पल्स दिल्या की सुटतो. ही सोय बस ड्रायव्हरमध्ये हवी, सेन्सरच्या नव्हे.

बूट स्क्रिप्टसाठी कमांडने आकडा एनव्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवावा आणि यश-अपयश एक्झिट कोडमधून कळवावं. तुलना 'टेस्ट'ने करा, ती दशमान आणि उणे आकडे नीट समजते. 'सेटएक्स्प्र' मात्र आकडे हेक्स धरतं: ९०००० मधून ८५००० वजा केले तर पाच हजारांऐवजी भलतंच उत्तर मिळतं. आणि रीडिंग फसलं की तो व्हेरिएबल कमांडने स्वतः पुसावा. कोणी मध्येच एनव्हायर्नमेंट सेव्ह केलं असेल, तर स्क्रिप्ट मागच्या महिन्याच्या तापमानावर निर्णय घेईल.