मिरची खुळखुळली म्हणजे वाळली नव्हे. देठातली ओल बघूनच पोती भरा

फेब्रुवारी-मार्चात गडहिंग्लज, कागल, आजरा पट्ट्यात खळ्यावर लाल मिरची पसरलेली असते. चटणीचा हंगाम तोंडावर, मिरची कांडायच्या डंखावर गर्दी, बाजारात सौदे सुरू. त्यात एखाद्या दुपारी आभाळ भरून आलं की सगळी मिरची गोळा करून पोत्यात कोंबली जाते आणि तोंड शिवून पोतं सोप्यात टाकलं जातं. शेतात चुरडा-मुरडा रोगातून वाचवलेली संकेश्वरी मिरची घरात येऊन अशीच जाते. महिन्याभराने पोतं सोडलं की मधली मिरची काळपट, आत राखी बुरशी, कुबट वास. दरवर्षी हेच होतं आणि दरवर्षी कारणही तेच असतं: देठात राहिलेली ओल.

मिरचीचं साल पातळ असतं. चार उन्हांत ते कडक होतं, मिरची हलवली की बी वाजतं आणि माल झाला असं वाटतं. पण देठाची टोपी आणि तिच्याखालचा, बी ज्याला चिकटलेलं असतं तो पांढरा पडदा सावकाश वाळतो. पोत्यात बंद झाल्यावर तिथली ओल सगळ्या मिरचीत पसरते. सकाळी कडक भरलेली मिरची दोन दिवसांत वातड होते ती यामुळे. तिखटपणाही बियांत नसतो, तो याच पडद्यात असतो. म्हणजे मिरचीचा सगळ्यात मोलाचा भाग जिथे, ओल तिथे, आणि बुरशीही तिथूनच धरते.

ओल्या पोत्यात ॲस्परजिलस बुरशी वाढली की अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. मिरची पुन्हा उन्हात घालून, भाजून किंवा तेलात परतून ते जात नाही. बुरशी झटकून, पुसून मिरची डंखाला नेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, चटणी आपलीच पोरं खातात. अन्न सुरक्षा नियमांत सुक्या मिरचीत ओलावा ११ टक्क्यांच्या वर नको आणि एकूण अफ्लाटॉक्सिन किलोला ३० मायक्रोग्रॅमच्या वर नको. युरोपात हीच मर्यादा १० आहे.

ओल ओळखायची कशी?

ढिगाच्या कडेची मिरची उचलू नका, ती कायम कोरडीच असते. मधून आणि तळातून, वेगवेगळ्या जागच्या ५० मिरच्या घ्या. देठ मोडून बघा. टचकन तुटला तर ठीक. वाकला, दोऱ्यासारखा ताणला गेला तर ओल आहे. दहा-बारा मिरच्या उभ्या चिरा, देठाखालचा पडदा चिमटीत चोळा. बोटाला चिकटला तर पोतं भरायचं नाही. ५० पैकी पाच देठ जरी वाकले तरी सगळा ढीग आणखी दोन उन्हं खाऊ द्या. हे प्रमाण पुस्तकातलं नाही, अनुभवाचं आहे, पण त्यावर विश्वास ठेवून माल बिघडल्याचं दिसत नाही.

दुसरी परीक्षा पिशवीची. किलोभर मिरची पारदर्शक प्लॅस्टिक पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि तासभर उन्हात ठेवा. आतून पाण्याचे बारीक थेंब किंवा धुरकट वाफ दिसली तर मिरची कच्ची, म्हणजे अजून ओली. याहून नेमकं हवं असेल तर काही शे रुपयांत मिळणारा छोटा आर्द्रतामापक मिरचीसोबत बंद पिशवीत रात्रभर सावलीत ठेवा. सकाळी काटा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशीला वाव नाही. ७० च्या वर असेल तर त्याच दिवशी मिरची पुन्हा पसरा.

शेवटच्या उन्हानंतर लगेच भरू नका. मिरची घरात कोरड्या जागी ढीग करून, ताडपत्रीखाली दोन दिवस मुरू द्या आणि मग देठ पुन्हा मोडून बघा. आतली ओल या दोन दिवसांत बाहेर येते. नरम पडली तर आणखी एक ऊन.

वाळवणीची बाकीची कामं:

- पूर्ण लाल मिरची तोडा. अर्धवट पिकलेली २-३ दिवस घरात सावलीत ढीग करून ठेवा, रंग एकसारखा येतो. थेट कडक उन्हात टाकली तर पांढरे डाग पडतात.
- मातीवर किंवा शेणाने सारवलेल्या खळ्यावर नको. स्वच्छ ताडपत्री, काँक्रीट किंवा जमिनीपासून उचललेली जाळी.
- थर ५ ते ८ सेंटिमीटर.
- दिवसातून तीनदा उलथणं.
- फुटकी, डागी, पांढरी पडलेली वेगळी काढणं.
- कुत्री, कोंबड्या खळ्यापासून दूर.

रात्रीचं मात्र यादीत टाकून भागणार नाही. दिवसभर उन्हाने घालवलेली ओल पहाटेचं दव परत आणून ठेवतं, आणि ते आधी देठाच्या टोपीत मुरतं. सूर्य मावळायच्या आधी मिरची गोळा करून झाका, सकाळी ताडपत्रीवरचं दव पुसल्याशिवाय उघडू नका. न झाकलेल्या मिरचीला पंधरा दिवस ऊन दिलं तरी देठ वाकतच राहतो.

वजन घटेल म्हणून ओलं भरणाऱ्यांसाठी हा हिशेब. १५ टक्के ओलाव्याची १०० किलो मिरची साडेदहा टक्क्यांवर आणली तर साधारण ९५ किलो उरते. पाच किलो घटतात. ते वाचवायला गेलात आणि पोतं आतून काळं पडलं तर सौद्यात अख्ख्या पोत्याचा भाव पडतो. भरताना चुरा होऊ नये म्हणून पाणी शिंपडायची रीत तर आजपासून बंद करा. मुरवून, देठ तपासून झालेली मिरची भरायच्या दिवशी दुपारी तापली असेल तर सावलीत निवू द्या, संध्याकाळी दव पडायच्या आत भरा. तेवढ्यात ती पुरेशी लवचिक होते. गरम मिरची भरली तर पोत्याला आतून घाम सुटतो.

दुकानात याच दिवसांत चमक आणणारं तेल, रंग टिकवणारं औषध असं काहीबाही पुढे केलं जातं. घेऊ नका. मिरचीला खनिज तेल किंवा वरून रंग लावायला कायद्याने बंदी आहे. रंग जातो तो ऊन, उजेड आणि हवा लागून. त्याला उपाय अंधार, थंडावा आणि बंद पोतं. त्यावर पैसे घालायचेच असतील तर चांगल्या ताडपत्रीवर आणि नव्या पोत्यांवर घाला.

साठवणीची जागा:

- पोती नवी किंवा कडक उन्हात तापवलेली. खत-औषधांची कधीच नको.
- खाली लाकडी फळ्या, जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर.
- भिंतीपासून हातभर अंतर.
- कांदा, बटाटा, ओला चारा त्याच खोलीत नको.
- दर १५ दिवसांनी एक पोतं मधून उघडून देठ मोडून बघणं.

सुक्या मिरचीला तंबाखूत होतो तोच तांबूस बारीक भुंगा लागतो. रिकाम्या खोलीच्या भिंती आणि जमिनीवर मॅलॅथिऑन ५० टक्के, एक भाग औषधाला १०० भाग पाणी, १०० चौरस मीटरला ३ लिटर द्रावण फवारा. खोली पूर्ण वाळल्यावरच पोती आत घ्या; मिरचीवर किंवा भरल्या पोत्यांवर थेंबही नको. डायक्लोरव्हॉसवर २०२० अखेरीपासून बंदी आहे, कुणी जुना साठा दिला तरी नाकारा. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या राहत्या घरात ठेवायच्याच नाहीत, त्यांच्या वायूने माणसं मरतात. ते काम परवानाधारक धुरीकरणवाल्याचं. कडुलिंबाचा पाला घालायचा तर खडखडीत वाळलेला घाला. ओला पाला म्हणजे पोत्यात हाताने घातलेलं पाणी.

वळीव एप्रिल-मेमध्ये कधीही येतो आणि जूनमध्ये हवाच इतकी दमट होते की तागाच्या पोत्यातली कोरडी मिरचीही ओल ओढते. पावसाळ्यात माल ठेवायचा असेल तर मे संपायच्या आत तागाच्या पोत्यात जाड प्लॅस्टिकची आतली पिशवी घालून हवा दाबून काढा आणि तोंड पिळून बांधा. मात्र देठ टचकन मोडत असेल तरच, कारण ओल्या मिरचीला प्लॅस्टिक घातलं तर आठवड्यात बुरशी धरते.

जास्त माल असेल तर शीतगृह बरं, ४ ते ८ अंशांत रंग चांगला राहतो. तिथेही कच्ची मिरची नेऊ नका, थंडीने ती वाळत नाही. बाहेर काढल्यावर पोत्याचं तोंड लगेच सोडू नका. थंड मिरचीवर बाहेरच्या हवेतलं पाणी जमतं आणि तेही देठापाशीच साचतं. एक दिवस बंद पोतं सावलीत ठेवा आणि मगच बाजाराला काढा.