मोफत वकील मागायला जाताना पाकीट घेऊन जा

चुलत्यांनी वाटणीचा दावा लावला तेव्हा आईला घेऊन मी तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे गेलो आणि जो घोळ घातला तो तुम्ही घालू नका. आधार, फोटो हे सांगायला नको. समन्स आणि त्यासोबतची दाव्याची नक्कल, पानन् पान. आणि ती ज्या पाकिटातून आली ते पाकीट. मी ते बंबात घातलं होतं. समन्स कधी मिळालं, असं तिथल्या मॅडमनी विचारलं तर आई म्हणाली, "पोळ्याच्या आसपास." आसपास चालत नाही हो! समन्स बजावल्यापासून 30 दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला आपलं लेखी उत्तर, द्यायची असते, कोर्टाला कारण पटलं तर फार तर 90. आमचा अर्ज घेतला, पण दिवस किती उरले ते कुणालाच सांगता येईना, आणि वकिलाचं लिहून होईतो 'विना कैफियत' हुकूम, म्हणजे आमच्या उत्तराशिवाय दावा पुढे चालवायचा हुकूम, झालासुद्धा. तो रद्द करून घ्यायला पुन्हा अर्ज, पुन्हा खेटे. म्हणून पाकीट. पोस्टाच्या शिक्क्यासकट. बेलिफाने समन्स आणून दिलं असेल तर तारीख त्याच दिवशी, त्याच्यासमोर लिहून ठेवा.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मी दोन दिवस रांगेत घालवले, आणि तो लागलाच नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतला माणूस, पूर-दुष्काळात सापडलेले यांना उत्पन्नाची अट नाही. आई बाईमाणूस, तेवढं पुरलं. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला 3 लाखांची मर्यादा आहे. प्रतिज्ञापत्रही कायद्याने चालतं, पण दाखला असला की वाद नाही. जातीवरून मागत असाल तर जातीचा दाखला.

जमिनीचं प्रकरण असेल तर सातबारा, आठ अ आणि जुने फेरफार. वारसनोंद कशी लागली ते फेरफारातच दिसतं, नुसत्या सातबाऱ्यावर भागत नाही. काय झालं ते घरीच एका कागदावर क्रमाने लिहा. आमच्या आईने तिथे आजोबांच्या लग्नापासून सुरुवात केली आणि मागे रांग चुळबुळत राहिली. पाकीट घेतलं का? बघा एकदा.

वकील नेमून मिळाला की वकीलपत्रावर सही, त्याचा नंबर, पुढची तारीख. त्याला पैसे द्यायचे नाहीत. मागितले तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार. लोकअदालतीत तडजोड करणार असाल तर नीट वाचून सही करा, त्या निवाड्यावर अपील नाही. अडलं तर विधी सेवेची हेल्पलाइन, 15100. सगळ्याची झेरॉक्स काढा, पाकिटाचीही, दोन्ही बाजूंनी.